दिव्यानं आवरलेली लहर

किनवटच्या बाजारात ‘प्युअर साईन वेव्ह’ हे शब्द आता कुणाला परके नाहीत. इन्व्हर्टर विकणाऱ्या दुकानांच्या फलकांवर ते ठळक रंगवलेले असतात. त्रिकोणमितीशी ज्याचा दहावीनंतर संबंध आला नाही असा गिऱ्हाईकही पैसे मोजण्याआधी विचारतो, ‘साईनवालाच आहे ना? स्क्वेअरवर पंखा गुरगुरायलाय.’ त्याला लहरीची आकृती काढता येणार नाही, पण कानानं त्यानं नेमका फरक ओळखलेला असतो. चौकोनी लहरीत ५० हर्ट्‌झच्या मूळ स्वराबरोबर १५०, २५०, ३५० असे विषम पटीतले स्वर मिसळलेले असतात. तिसरा मूळच्या एक तृतीयांश, पाचवा एक पंचमांश. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर ही भेसळ मूळ स्वराच्या ४८ टक्के भरते. पंखा गुरगुरतो तो तिच्यामुळे.

गंमत अशी, की फलकावरचा ‘प्युअर’ तसा सैलच आहे. घरातल्या प्लगमध्ये येणारी लहरसुद्धा डोक्यावर चपटी असते, कारण टीव्ही, चार्जर, एलईडी दिवे हे सगळे लहरीच्या शिखरावरच वीज ओढून घेतात. दोन-चार टक्के भेसळीचं पंख्याला काही वाटत नाही. पण हाच प्रश्न ‘किती शुद्ध?’ असा लावून धरला, शंभरात एक, हजारात एक, लाखात एक, दहा लाखांत एक, तर घरी बसून सर्किट जोडणाऱ्या माणसाची पुढची काही वर्षं त्यातच जातात. माझी गेली आहेत. कमी विरूपणाचा, म्हणजे कमी भेसळीचा, साईन आंदोलक (ऑसिलेटर) घरी बनवायचा तर आजवर कोणते मार्ग निघाले आणि त्यातला कोणता आपल्यासारख्या गावात झेपतो, हे एका जागी मांडावं म्हणून हा आढावा.

आधी हे लागतं कशाला ते सांगतो. आमच्याकडे लग्नसराई आणि गणपती हे अँप्लिफायर बिघडण्याचे दोन हंगाम. दुरुस्तीच्या टपरीवर डबा आदळला जातो आणि तक्रार एकच असते: ‘सर, आवाज फाटायलाय.’ दुरुस्त करणारा मोबाईलवर एखादं गाणं लावून बघतो. गाण्यात ढोल, झांजा, गायकाचा गळा, सगळं इतकं गच्च भरलेलं असतं की फाटणं नेमकं कुठं आहे ते कळत नाही. त्याऐवजी एकच शुद्ध स्वर आत सोडला आणि बाहेर काय आलं ते पाहिलं, तर जे वाढीव निघालं ते अँप्लिफायरचं पाप. अट एवढीच, की आत सोडलेला स्वर खरोखर शुद्ध हवा. डेअरीत दुधाची तपासणी करायची तर तपासणीची नळी आधी धुतलेली लागते, तसंच हे. (स्पीकरच्या जागी जाळायला मी शेगडीची कॉइल वापरतो. २३० व्होल्ट, २००० वॉटच्या कॉइलचा प्रतिरोध साधारण २६ ओहम. तिचे तीन सारखे तुकडे केले की प्रत्येक पावणेनऊच्या आसपास. स्पीकरचं काम भागतं आणि शेजारी भांडायला येत नाहीत.)

आता लहर तयार कशी होते ते पाहू. आंदोलक म्हणजे झोका. वर्धकातून निघालेला संकेत एका निवडक जाळ्यातून फिरवून पुन्हा त्याच वर्धकाच्या तोंडाशी आणायचा. फेरी पूर्ण करून येताना तो जेवढा गेला तेवढाच आणि त्याच तालावर परत आला, तर झोका चालू राहतो. जर्मनीच्या हाइनरिक बार्कहाउझेनच्या नावानं ही अट ओळखली जाते. कागदावर ती एका ओळीची आहे. प्रत्यक्षात फेरीतली वाढ १ पेक्षा केसभर कमी पडली तर झोका थांबतो. केसभर जास्त झाली तर झोका वाढत वाढत पुरवठ्याच्या व्होल्टेजवर जाऊन आदळतो आणि लहरीचं डोकं छाटलं जातं. मधली जागा सुईच्या टोकाएवढीही नाही, आणि सर्किट तापलं, बॅटरी उतरली, पावसाळ्याची ओल धरली की तीही सरकते. म्हणजे लहर तयार करणं हा प्रश्नच नाही. पहिल्या वर्षाचा पोरगाही ती तयार करतो. लहरीची उंची कुणीतरी सतत राखावी लागते आणि राखणाऱ्याचा हात लहरीला लागता कामा नये, इथं खरी मेख आहे. पुढचे सगळे मार्ग म्हणजे या राखणदारीच्या वेगवेगळ्या तऱ्हा.

यातलं सगळ्यात गाजलेलं जाळं माक्स वीनचं. १८९१ साली त्यानं ते केलं तेव्हा त्याला आंदोलक करायचाच नव्हता. वर्धक म्हणावं असं काही तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. धारकांची मोजणी करण्यासाठी त्यानं एक सेतू रचला. त्याच्या एका बाजूला प्रतिरोध आणि धारक ओळीनं, दुसऱ्या बाजूला तेवढेच प्रतिरोध आणि धारक समांतर. एका ठरावीक वारंवारतेला हे जाळं संकेताचा बरोबर एक तृतीयांश भाग पुढे पाठवतं, तालाला धक्का न लावता. म्हणजे वर्धकानं बरोबर तीनपट केलं की फेरी जुळली. वारंवारता काढायला १ भागिले दोन पाय आर सी. १० नॅनोफॅराडचे दोन धारक आणि १५ किलोओहमला ९१० ओहम जोडून केलेल्या दोन जोड्या घेतल्या की १००० हर्ट्‌झ. तेवढं झालं. उरतं ते ‘बरोबर तीनपट’, आणि सगळं अडतं ते तिथंच.

या तीनपटीवर उपाय सापडला कॅलिफोर्नियात. त्याआधी बेल प्रयोगशाळेतल्या हॅरोल्ड ब्लॅकनं १९२७ मध्ये ऋण प्रत्याभरणाची, म्हणजे निघालेल्या संकेताचा भाग उलटा परत देऊन वर्धकाला आवरण्याची, कल्पना मांडली होती. त्याच संस्थेत लार्नेड मीचमनं १९३८ च्या सुमारास स्फटिकाच्या आंदोलकात छोटा दिवा घालून उंची स्थिर करून दाखवली. स्टॅनफर्डमध्ये फ्रेड टर्मनच्या हाताखाली शिकणाऱ्या विल्यम ह्यूलेटनं हा दिवा वीनच्या जाळ्याला जोडला. १९३९ चा त्याचा प्रबंध याच विषयावर आहे. युक्ती अशी. वर्धकाची पट ठरवणाऱ्या दोन प्रतिरोधांपैकी खालच्याच्या जागी टंगस्टनचा दिवा बसवायचा. लहर उंचावली की दिवा तापतो, तापलेल्या टंगस्टनचा प्रतिरोध वाढतो, पट उतरते आणि लहर खाली येते. लहर खचली की दिवा थंडावतो आणि उलट होतं. सुरुवातीला दिवा पूर्ण थंड, म्हणून पट भरपूर आणि झोका झटक्यात सुरू. दिवा तापायला आणि निवायला सेकंदाचा काही भाग लागतो, तर १००० हर्ट्‌झची एक लहर सेकंदाच्या हजाराव्या भागात निघून जाते. म्हणजे एकेका लहरीच्या चढउताराची दिव्याला खबरच लागत नाही. त्याला कळते ती फक्त सरासरी. राखणदार मुद्दाम मंद नेमलेला आहे आणि त्याचा मंदपणाच कामाला येतो.

या एका दिव्यावर एक कंपनी उभी राहिली. पालो आल्टोच्या अ‍ॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवरच्या गॅरेजमध्ये ह्यूलेट आणि डेव्हिड पॅकार्ड यांनी जे पहिलं यंत्र विकायला काढलं ते हेच. नाव २००ए, म्हणजे हे यांचं पहिलंच धाडस आहे असं कुणाला वाटू नये! किंमत ५४ डॉलर ४० सेंट. प्रस्थापित कंपन्यांची तशी यंत्रं याच्या कितीतरी पट महाग होती. पुढे डिस्नेनं ‘फँटेझिया’च्या ध्वनियोजनेसाठी २००बी या सुधारित मॉडेलची आठ यंत्रं घेतली. त्या यंत्रात वारंवारता बदलायला हवेचा गँग कंडेन्सर होता. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत चक्री फिरवली की पत्र्यांच्या पाकळ्या एकमेकींत शिरायच्या, तोच प्रकार. माझ्या पिढीतल्या ज्यांनी घरातला मर्फी किंवा बुश उघडून मार खाल्ला आहे, त्यांना गँग समजावून सांगायला नको. मीही पहिल्या प्रयत्नात रेडिओचा गँग लावला आणि फसलो. त्याची धारकता जेमतेम ५०० पिकोफॅराड. त्यावर २० हर्ट्‌झ काढायचे तर प्रतिरोध जवळजवळ १६ मेगाओहम लागतो. एवढ्या प्रतिरोधावर घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्‌झची घरघर अशी येऊन बसते की खालून आंदोलक चालू आहे की बंद हेच कळेना.

दिव्याचा मार्ग आजही सगळ्यात स्वस्त आहे आणि माझ्या मते घरी बनवणाऱ्यानं इथूनच सुरुवात करावी. दिवा मात्र निवडून घ्यावा लागतो. टॉर्चचा ०.३ अँपियरचा दिवा चालत नाही. तो तापवायला लागणारा प्रवाह ऑपअँपच्या, म्हणजे वर्धकाचं काम करणाऱ्या चिपच्या, कुवतीबाहेरचा असतो. जुन्या टेलिफोन एक्सचेंजच्या पॅनलवर असायचे तसे २४ किंवा २८ व्होल्टचे, ४०-५० मिलिअँपियरचे दिवे उत्तम. त्यातल्या एकाला २०० ओहमच्या आसपास चालवलं तर वरचा प्रतिरोध ४०० च्या आसपास, म्हणजे ऑपअँपवर ६०० ओहमचा भार. इथं टीएल०७२ ला धाप लागते. एनई५५३२ मात्र ६०० ओहम चालवण्यासाठीच घडवलेला आहे. जुना ७४१ इथं आणूच नये. त्याचा वेग मायक्रोसेकंदाला अर्धा व्होल्ट, म्हणजे वरच्या पट्टीत मोठी लहर त्याच्याकडून तिरकी, त्रिकोणीच निघणार. कॉलेजच्या प्रयोगवहीत मात्र अजून ७४१ चंच राज्य आहे आणि ‘आंदोलक म्हणजे वेडीवाकडी लहर’ असा पोरांचा समज तिथंच होतो. चूक आंदोलकाची नसते.

चालू स्थितीत दिवा उजळत नाही. नवशिक्याला हे पटत नाही. तो दिव्याकडे डोळे लावून बसतो आणि सर्किट बिघडलं समजून पुन्हा सोडतो. तार लाल होण्याच्या कितीतरी आधी तिचा प्रतिरोध दुप्पट-तिप्पट झालेला असतो आणि आपल्याला तेवढंच हवं असतं.

दिव्याचे दोष दोन. वारंवारता खाली आणली, समजा २० हर्ट्‌झला, की लहर इतकी सावकाश होते की दिवा तिच्या चढाला तापायला आणि उताराला निवायला लागतो. हे तापणं-निवणं लहरीच्या दुप्पट वेगानं चालतं आणि मूळ लहरीशी मिसळून तिसऱ्या पटीचा स्वर तयार करतं. दुसरा दोष, वारंवारतेचं बटण फिरवलं की उंची झोपाळ्यासारखी चार-सहा वेळा वरखाली हेलकावते आणि मग बसते. घाईच्या माणसाला हे सहन होत नाही. ब्रिटनमध्ये दिव्याऐवजी काचेच्या निर्वात नळीतला आर५३ नावाचा थर्मिस्टर वापरायचे. तो उलटा वागतो, तापला की प्रतिरोध उतरतो, म्हणून त्याची जागा वरच्या बाजूला. ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकातल्या कितीतरी रचना त्याच्यावर आहेत. आता तो मिळणं कठीण आणि मिळाला तर महाग, म्हणून त्यावर शाई घालवत नाही.

मग माणसांनी राखणदारच इलेक्ट्रॉनिक केला. बाहेर येणारी लहर एकदिश करून तिची उंची मोजायची, ठरवलेल्या उंचीशी ताडायची आणि फरकानुसार एक प्रतिरोध वरखाली करायचा. हा प्रतिरोध म्हणून सगळ्यात आधी जेएफईटी हा ट्रान्झिस्टर आला. आपल्याकडच्या प्रयोगशाळांतला बीएफडब्ल्यू१० त्याच जातीचा. तो चपळ आहे, स्वस्त आहे आणि थोडा बेइमान आहे: स्वतःवर पडणाऱ्या व्होल्टेजप्रमाणे त्याचा प्रतिरोध बदलतो, म्हणजे राखणदार स्वतःच भेसळ करतो. ड्रेनवरचा अर्धा संकेत गेटकडे परत दिला की ही खोड बरीच मोडते, पूर्ण नाही.

त्यापेक्षा मला भावला तो प्रकाशाचा मार्ग. एक एलईडी आणि एक एलडीआर समोरासमोर ठेवून काळ्या हीट-श्रिंक नळीत बंद करायचे. एलईडीचा उजेड कमीजास्त झाला की एलडीआरचा प्रतिरोध बदलतो आणि दोघांमध्ये विजेचा काही संबंधच उरत नाही. बाजारात हीच जोडी व्हॅक्ट्रोल नावानं तयार मिळायची. एलडीआरमध्ये कॅडमियम असल्यानं युरोपात तिच्यावर निर्बंध आले. आपल्याकडे एलडीआर अजून किरकोळ पैशांत मिळतो, शाळेतल्या ‘आपोआप लागणारा रस्त्यावरचा दिवा’ या अजरामर प्रकल्पाच्या कृपेनं. एलडीआरही थोडी भेसळ करतो, पण त्याच्यावर पडणारं व्होल्टेज लहान ठेवलं तर ती नगण्य होते.

या मार्गाचं शिखर गाठलं जिम विल्यम्सनं. लिनिअर टेक्नॉलॉजी कंपनीच्या ४३ व्या अनुप्रयोग टिपणात, १९९० साली, त्यानं ह्यूलेटच्या दिव्यापासूनच सुरुवात केली आणि एकेक दोष काढत विरूपण ०.०००३ टक्क्यांपर्यंत, म्हणजे दहा लाखांत तीनपर्यंत आणलं. त्या प्रवासातली एक पायरी अशी आहे जी घरगुती जोडणाऱ्याच्या डोक्यात येत नाही. नेहमीच्या वीन रचनेत ऑपअँपची दोन्ही टोकं लहरीबरोबर वरखाली होत असतात. टोकांचं हे एकत्र हलणंच ऑपअँपच्या आत थोडं विरूपण जन्माला घालतं. विल्यम्सनं दुसरा एक वर्धक वापरून सेतूच असा धरला, की पहिल्याच्या दोन्ही टोकांनी शून्यावर स्थिर राहावं. राखणदार चोख झाला, धारक चांगले लावले, तरी आकडा हलेना तेव्हा दोष तिथं होता. तुमचाही आकडा असा अडला असेल तर आधी हे तपासा.

सुटे भाग हा तसा कंटाळवाणा विषय, पण सर्वात जास्त माणसं इथंच फसतात. जाळ्यातले धारक साध्या सिरॅमिकचे, म्हणजे एक्स७आर जातीचे, लावले तर पुढची सगळी हुशारी वाया. व्होल्टेजबरोबर त्यांची धारकता बदलते. पॉलिस्टायरिन, पॉलिप्रॉपिलिन किंवा सीओजी सिरॅमिक हवेत. सिरिल बेटमननं ‘इलेक्ट्रॉनिक्स वर्ल्ड’मध्ये २००२-०३ च्या सुमारास एकेक जातीचे धारक मोजून हे दाखवून दिलं आहे. प्रतिरोध मेटल फिल्मचे. किनवटमध्ये यातलं काही मिळत नाही. नांदेडला थोडं मिळतं. पूर्वी हमखास ठिकाण म्हणजे हैदराबादचं कोठी, गुजराती गल्ली. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता, त्यामुळे आमच्या जुन्या माणसांना हैदराबाद मुंबईपेक्षा जवळचं वाटतं आणि कृष्णा एक्स्प्रेसनं तसं ते आहेही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातला पासोड्या विठोबाचा परिसर ही नावं आम्ही मासिकांतच वाचली. आता कुरिअर दारात येतं, पण एकदा मागवलेल्या दहा ऑपअँपांतले सहा दुसऱ्याच कुठल्या आयसीवर नवा शिक्का मारलेले निघाले. तेव्हापासून नवा आयसी आला की त्याचा विश्रांतीतला प्रवाह आधी मोजतो. ५५३२ निवांत बसूनही ८ मिलिअँपियरच्या आसपास घेतो; दोन-अडीचच घेत असेल तर तो दुसऱ्याच कुणाचा तरी अवतार.

एकाच वारंवारतेवर समाधान असेल तर वीन पुरे. वारंवारता फिरवायची असेल तर मात्र त्याचं दुखणं सुरू होतं. दुहेरी पोटेन्शिओमीटरचे दोन्ही पट्टे कधीच सारखे नसतात. जरा फिरवलं की एक तृतीयांशाचा हिशेब हलतो आणि राखणदाराला धावाधाव करावी लागते. यावरचा उपाय म्हणजे स्टेट व्हेरिएबल रचना. ती मुळात गाळणी म्हणून १९६७ साली केर्विन, ह्यूल्समन आणि न्यूकोम यांनी मांडली. दोन समाकलक आणि एक उलटवणारा वर्धक गोल बसवायचे. तिघांचीही टोकं शून्यावर राहतात, म्हणजे विल्यम्सला ज्यासाठी जादा वर्धक लावावा लागला ते इथं फुकट. बॉब कॉर्डेलनं १९८१ साली अमेरिकेतल्या ‘ऑडिओ’ मासिकात विरूपण मोजणारं घरगुती यंत्र तीन अंकांत छापलं, त्यात हाच आंदोलक आहे. ते लेख अजूनही या कामाचं पाठ्यपुस्तक म्हणून वाचावेत असे आहेत.

त्यातून शिकण्यासारखी मोठी गोष्ट म्हणजे राखणदाराला अधिकार किती द्यायचा. त्याच्या हातातून सगळी लहर जाऊ दिली तर त्याची सगळी भेसळ लहरीत उतरते. शंभरावा भागच त्याच्या हाती दिला तर भेसळही शंभरपट कमी. पण मग बाकीचे भाग इतके अचूक हवेत, की एक टक्क्याच्या दुरुस्तीत काम भागलं पाहिजे. नाहीतर आंदोलक सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन भिंतीवर आदळतो. माझी पहिली स्टेट व्हेरिएबल पाटी तीन महिने मुकी पडून होती ती याच लोभापायी. अधिकार पाच टक्के केला आणि ती बोलायला लागली.

याच रचनेतली आणखी एक गंमत सांगायला मला आपल्या घरच्या इतिहासात जावं लागेल. ‘साईन’ हा शब्द आपलाच, फिरून आलेला. आर्यभटाची ‘ज्या’, तिचं ‘जीवा’, अरबीत गेल्यावर ‘जिबा’. स्वरचिन्हांशिवाय लिहिलेला तो शब्द पुढे ‘जैब’ म्हणजे खोळ, असा वाचला गेला आणि लॅटिनमध्ये त्याचं भाषांतर ‘सायनस’ झालं. भास्कराचार्यानं ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ज्या कशा काढायच्या यावर ‘ज्योत्पत्ती’ हे स्वतंत्र प्रकरण घातलं. त्याच्या घराण्याची माहिती चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात कोरलेली आहे. तर या ज्या-कोटिज्यांचा, म्हणजे साईन-कोसाईनचा, सगळ्यांना पाठ असलेला नियम: दोघींच्या वर्गांची बेरीज म्हणजे त्रिज्येचा वर्ग, कुठल्याही क्षणी तोच. आता राखणदाराची अडचण आठवा. लहर एकदिश करून उंची मोजली की तिच्यात दुप्पट वेगाची थरथर उरते. ती गाळायला मोठा धारक लावला की राखणदार सुस्त, न लावला की थरथर लहरीत शिरते. स्टेट व्हेरिएबलमध्ये ज्या आणि कोटिज्या, दोन्ही लहरी आयत्याच मिळतात. दोघींचे वर्ग करून बेरीज केली तर उंची सरळ, थरथरीविना आणि वाट न पाहता हाती येते. वर्ग करायला एडी६३३ सारखे गुणक लागतात, ते महाग आहेत. म्हणून पुष्कळ जण चार दिशांच्या लहरी एकदिश करून मधला मार्ग काढतात. तरी पहिल्यांदा हे कागदावर उमगलं तेव्हा मी वीज गेलेली असताना मेणबत्तीपाशी बसून हसलो होतो.

‘एवढं सगळं करण्यापेक्षा संगणकातून का काढत नाही?’ हा प्रश्न आजची मुलं विचारतात आणि तो बिनतोड आहे. आर्यभटानं २४ ज्यांचं कोष्टक दिलं. एडी९८३३ ही टीचभर चिप त्याहून लांबलचक कोष्टक पोटात ठेवून तेच करते. पण तिचा शेवटचा जिना फक्त १० बिटांचा, त्यामुळे भेसळ साधारण हजारात एकाच्या घरात राहते. एक्सआर२२०६ चे किट त्याहून खालच्या पायरीवर; ते त्रिकोणी लहरीचे कोपरे गोल करून साईन बनवतं, नीट जुळवलं तरी अर्धा टक्का. इन्व्हर्टरच्या दुकानात मात्र ते खुशाल ‘प्युअर’ म्हणून खपेल. चांगल्या ऑडिओ डॅकचं, म्हणजे आकड्यांची लहर करणाऱ्या पेटीचं, प्रकरण वेगळं आहे. आजचे डॅक विल्यम्सच्या आकड्याला सहज शिवतात, वारंवारता हवी तेव्हा बदलते आणि हेलकावा नाही. खरं बोलायचं तर आज नुसतं मोजमापच करायचं असेल आणि खिशात पैसे असतील तर डॅक घ्यावा. दुरुस्तीच्या टेबलावर, जिथं एखाद्या अँप्लिफायरमधून ७० व्होल्ट उलटे येऊन महागड्या पेटीची राख करू शकतात, तिथं मी ५५३२ आणि दिवाच लावतो. जळाला तर त्याच संध्याकाळी दुसरा बसतो.

राहिलं मोजणं. तीन व्होल्टच्या लहरीत ०.०००१ टक्का भेसळ म्हणजे ३ मायक्रोव्होल्ट. ऑसिलोस्कोपवर डोळ्याला एक टक्का भेसळही धड दिसत नाही. कारखान्यांकडे आणि मोठ्या प्रयोगशाळांकडे त्यासाठी विश्लेषक असत. भारतीय बनावटीच्या मापनयंत्रांत ठाण्याच्या अ‍ॅप्लॅबचं नाव मोठं. प्रभाकर देवधरांनी १९६२ मध्ये ती सुरू केली आणि पुढे ते केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आयोगाचे अध्यक्ष झाले. पण तसली यंत्रं घरी कुठली? घरचा उपाय म्हणजे साधं साउंड कार्ड आणि त्याच्या आधी एक ट्विन-टी गाळणी. ही गाळणी मूळ स्वर खोडून टाकते आणि फक्त भेसळ पुढे सोडते. कार्डाच्या कानाशी मोठा स्वर ओरडत नसल्यानं त्याला बारीक कुजबूज ऐकू येते. गंमत म्हणजे ती वीनच्याच भागांतून बनते: १५.९ किलोओहमचे दोन आणि त्याच्या निम्म्याचा एक, १० नॅनोफॅराडचे दोन आणि दुपटीचा एक. निम्म्यासाठी दोन समांतर, दुपटीसाठीही दोन समांतर. म्हणजे एकाच पुडीतले आठ भाग. फक्त ही गाळणी भेसळीलाही थोडं खाते, दुसऱ्या पटीला ९ डेसिबल आणि तिसऱ्या पटीला ५. तेवढं उत्तरात मिळवायचं. हे न मिळवता स्वतःचे आकडे मिरवणारे मी पाहिले आहेत. काही वर्षांपूर्वी मीही मिरवले.

पहिल्यांदा मोजाल तेव्हा पडद्यावर भेसळ दिसणारच नाही. दिसेल ५०, १०० आणि १५० हर्ट्‌झचं जंगल. ते आंदोलकाचं नाही, भिंतीतल्या वायरींचं. नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवणं, या तिन्हींनी ते बरंचसं साफ होतं. पूर्ण साफ होतं ते गावात भारनियमन असताना. गंभीर मोजणी मी त्या दोन तासांतच करतो.

एवढ्या खटपटीनंतर किती शुद्ध पुरे? अँप्लिफायरच्या दुरुस्तीला दहा हजारात एक, म्हणजे ०.०१ टक्का, भरपूर झाला; फाटणारा डीजेचा डबा त्याच्या शंभरपट भेसळ करत असतो. त्याच्याखाली जे आहे तो छंद आहे आणि छंदाला कारण विचारू नये. दिव्याच्या वीनवर चांगला ५५३२ आणि चांगले धारक लावले तर १००० हर्ट्‌झला ०.०१ च्या बरंच खाली जाता येतं, पाचशे-सहाशे रुपयांत, एका रविवारात. खाली २० हर्ट्‌झला जायचं तर राखणदार बदलावा लागेल.

अडचण आहे ती दिव्याचीच. पॅनलवरचे दिवे एलईडी झाले, गणपतीच्या मांडवातल्या तांदूळ-बल्बच्या माळाही एलईडी झाल्या. जुन्या माळेतले दोन-तीन मणी ओळीनं जोडले तर वीनला बरे चालतात. १०० ओहमच्या खाली मात्र जोडणी जाऊ देऊ नये. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या मंडळानं जुन्या माळांचं एक पोतं भंगारात काढलं तेव्हा ते मी वजनावर विकत घेतलं. पोरं म्हणाली, ‘सर, ह्या तर पेटत नाहीत.’ त्यातला प्रत्येक मणी काढून थंड असताना मोजतो आहे आणि सारख्या ओहमचे एकेका काडेपेटीत भरतो आहे. आजवर अकरा काडेपेट्या झाल्या. अर्धं पोतं बाकी आहे.